लॅपटॉपवर क्वांटम जैवरसायन: पदवीच्या प्रकल्पाला एक जीसी जोडी पुरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीएस्सी रसायनशास्त्राचं तिसरं वर्ष, एका सत्राचा म्हणजे साधारण सोळा आठवड्यांचा संशोधन प्रकल्प, हाताशी १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, मार्गदर्शक प्रयोगशाळेत काम करणारे, आणि मनात इच्छा एखाद्या एन्झाइमच्या अभिक्रियेची क्वांटम गणना करण्याची. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

क्वांटम जैवरसायन जमेल. एन्झाइम मात्र आत्ता नको, डीएनएतली एकच ग्वानिन-सायटोसिन (जीसी) जोडी पुरे.

एन्झाइमची गणना अवघड असते ती संगणक लहान पडतो म्हणून नव्हे. अडचण पहिला जॉब, म्हणजे संगणकाला दिलेली एक गणना, टाकण्याआधीच सुरू होते. क्ष-किरण रचनेत हायड्रोजन बहुधा नसतातच, ते तुम्हाला लावावे लागतात. प्रत्येक हिस्टिडिन (एक अमिनो आम्ल) तीनपैकी कोणत्या रूपात आहे ते ठरवावं लागतं: प्रोटॉन डेल्टा नायट्रोजनवर, एप्सिलॉनवर की दोन्हीकडे. प्रथिनाचा किती भाग क्वांटममध्ये घ्यायचा, बंध कुठे कापायचा, कापलेल्या टोकांचे अणू जागेवर कसे बांधून ठेवायचे, यातला एक निर्णय चुकला तरी बॅरिअर, म्हणजे अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा, पाच-दहा किलोकॅलरींनी हलतो आणि तो का हलला हे कळायलाच दोन महिने जातात. धातू असेल तर स्पिन अवस्थांचा घोळ वेगळा. वॉर्शेल आणि लेविट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइमवर क्वांटम आणि अभिजात पद्धतींची सांगड घातली आणि २०१३ चं नोबेल त्यांना कारप्लस यांच्यासोबत मिळालं, ते या अडचणींतून वाट काढण्याबद्दलच. ते काम एका सत्रात मावत नाही.

विषय निवडताना एकच कसोटी लावा: ज्या फरकाबद्दल तुम्ही बोलणार आहात तो तुमच्या पद्धतीच्या चुकीपेक्षा मोठा आहे का? २९८ केल्व्हिनला १.३६ किलोकॅलरी प्रति मोल म्हणजे वेगात दहापट फरक. डीएफटी म्हणजे इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढणारी पद्धत आणि फंक्शनल म्हणजे तिचं सूत्र. चांगल्या डीएफटी फंक्शनलचीही बॅरिअरमधली चूक दोन-तीन किलोकॅलरी सहज असते. म्हणजे ‘या अभिक्रियेचा वेग किती’ याचं उत्तर शंभरपटीने चुकू शकतं. पण ‘पाण्यात बॅरिअर वाढतो की कमी होतो’, ‘हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातला तर काय होतं’, ‘डिस्पर्शन (रेणूंमधलं क्षीण लंडन आकर्षण) वगळलं तर काय बिघडतं’ या प्रश्नांत दोन्ही बाजूंची चूक बरीचशी सारखी असते आणि वजाबाकीत निघून जाते. पदवीच्या प्रकल्पाने असेच प्रश्न विचारावेत.

या कसोटीला उतरणारा आणि खरोखर जैविक असा एक विषय सांगतो: ग्वानिन-सायटोसिन जोडीतलं दुहेरी प्रोटॉन स्थलांतर. पेर-ओलोव्ह लेव्हडिन यांनी १९६३ मध्ये अशी कल्पना मांडली की डीएनएच्या बेस-जोडीतले प्रोटॉन हायड्रोजन बंधावरून टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता त्याच्या आरपार, पलीकडे जाऊ शकतात, त्यातून बेसची दुर्मीळ टॉटोमर रूपं (हायड्रोजनची जागा बदललेली) तयार होतात आणि प्रतिकृती बनताना ती चुकीच्या बेसशी जोडी जमवून उत्परिवर्तन घडवू शकतात. जीसीमध्ये ग्वानिनच्या एन१ वरचा प्रोटॉन सायटोसिनच्या एन३ कडे जातो आणि सायटोसिनच्या एन४ वरचा प्रोटॉन ग्वानिनच्या ओ६ कडे येतो. ग्वानिनचं रूप इनॉल होतं, सायटोसिनचं इमिनो. प्रश्न अजून जिवंत आहे. २०२२ मध्ये सरे विद्यापीठातल्या गटाने याच जोडीवर, भोवतालच्या वातावरणासह टनेलिंगची नवी गणना प्रसिद्ध केली.

या स्थलांतरासाठी ए-टी (अडेनिन-थायमिन) जोडी घेऊ नका. तिथे दुहेरी स्थलांतराने बनणारं टॉटोमर इतक्या उथळ खळग्यात बसतं की शून्यबिंदू ऊर्जा (शून्य केल्व्हिनलाही कंपनात उरणारी) धरली की परतीचा बॅरिअर जवळजवळ नाहीसा होतो. कारण साधं आहे. हायड्रोजन बंधातल्या एन-एच ताणाची वारंवारता ३००० सेमी⁻¹ च्या आसपास धरली तर तिची शून्यबिंदू ऊर्जा तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४.३ किलोकॅलरी. संक्रमण अवस्थेत, म्हणजे वाटेवरच्या ऊर्जाशिखरावर, तोच ताण अभिक्रियेची वाट बनतो आणि ही ऊर्जा हिशेबातून जाते. चार-पाच किलोकॅलरींचा खळगा असेल तर तो बुजतोच. जीसीमध्ये परतीचा बॅरिअर लहान असला तरी बहुतेक पद्धतींत काहीतरी उरतो, म्हणून अभ्यासाला ती जोडी बरी.

सॉफ्टवेअरचा फार विचार करू नका. म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक नेझे यांच्या गटाने बनवलेलं क्वांटम गणनेचं ऑर्का शैक्षणिक वापराला मोफत आहे. ग्रिमं यांच्या गटाचं जलद ढोबळ गणनेचं एक्सटीबी आणि चित्रासाठी अव्होगाड्रो मुक्त आहेत. पायथनची गोडी असेल तर साय४ किंवा पायएससीएफ घ्या. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी सोय) टाकून लिनक्सवर काम करा. दोन गोष्टींवर नवख्यांचे पहिले आठ दिवस जातात. एक, समांतर जॉबसाठी ऑर्काला त्याच्या पूर्ण पाथने हाक मारावी लागते आणि ओपनएमपीआयची (कोअरमध्ये काम वाटणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती ऑर्काने सांगितलेलीच लागते. दोन, ‘मॅक्सकोर’ (मेमरीची मर्यादा) हा आकडा दर कोअरमागे मेगाबाइटमध्ये असतो. चार कोअर आणि ३००० लिहिलं की १२ जीबी लागतात, १६ जीबीच्या मशीनवर ते ठीक. एकूण मेमरी समजून १२००० लिहिलं की ऑर्का ४८ जीबी गृहीत धरतं आणि जॉब अर्ध्या रात्री मरतो. जॉबचं फोल्डर ड्राइव्हशी सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नका. नावात मोकळी जागा नको.

पहिला आठवडा पाण्याच्या दोन रेणूंना द्या. एस२२ या २००६ च्या प्रमाण संचात वॉटर डायमरची परस्परक्रिया ऊर्जा −५.०२ किलोकॅलरी आहे. ती तुमच्या मशीनवर काढून दाखवा. दुसऱ्या आठवड्यात त्याच संचातली ए-टी जोडी घ्या, एकदा शेजारी-शेजारी आणि एकदा एकावर एक रचलेली. सुधारित प्रमाण मूल्यं अनुक्रमे −१६.७ आणि −११.७ च्या आसपास आहेत. बी३एलवायपी हे फंक्शनल डिस्पर्शनशिवाय चालवा. शेजारची जोडी बरी येईल, पण रचलेल्या जोडीची ऊर्जा शून्याजवळ किंवा चक्क धन येईल, म्हणजे बेस एकमेकांना धरूनच ठेवत नाहीत असं गणित सांगेल. मग डिस्पर्शनची डी३ दुरुस्ती जोडून तोच जॉब पुन्हा चालवा. डीएनएचा जिना कशामुळे टिकतो ते या दोन आकड्यांत दिसतं. अहवालात हा तक्ता पहिला असावा, कारण पुढच्या आकड्यांवर वाचकाने का विश्वास ठेवावा याचं उत्तर त्यात आहे.

इथेच बेसिस सेटची, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं वर्णन ज्या ठरावीक फंक्शन्सनी करतो त्यांच्या संचाची, चूक समजून घ्या. दोन रेणू जवळ आले की प्रत्येकाला दुसऱ्याची फंक्शन्स फुकट वापरायला मिळतात आणि आकर्षण खोटं वाढतं. उपाय काउंटरपॉइजचा: एकेका रेणूची ऊर्जा काढताना दुसऱ्याची फंक्शन्स अणूंशिवाय जागेवर ठेवायची. ऑर्कात अशा भुताळ अणूच्या चिन्हापुढे कोलन टाकतात. डेफ२-एसव्हीपीसारख्या लहान सेटमध्ये ही चूक कित्येक किलोकॅलरी असते. मात्र आर२स्कॅन-३सी ही तयार जुळवलेली डीएफटी पद्धत वापरत असाल तर काउंटरपॉइज करू नका. त्या पद्धतीत ही दुरुस्ती आतच बसवलेली आहे, वरून पुन्हा केली की ती दोनदा मोजली जाते. आणि वजाबाकी नेहमी पूर्ण दशांशांत करा. पुढे जी जोडी घ्यायची आहे तिची एकूण ऊर्जा वजा हजार हार्ट्रींच्या आसपास असते आणि आपल्याला हवा तो फरक शतांश हार्ट्रींत. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी, म्हणून तिसऱ्या दशांशावर थांबलात तर अर्धा-पाऊण किलोकॅलरी तिथेच गेली.

आता मूळ काम. नुसते बेस घेऊ नका, ग्वानिनच्या एन९ वर आणि सायटोसिनच्या एन१ वर, जिथे डीएनएत साखर असते, तिथे मिथिल लावा. एकूण ३५ अणू, १५२ इलेक्ट्रॉन, भार ०, मल्टिप्लिसिटी १ (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत). डेफ२-एसव्हीपीमध्ये ३६४ फंक्शन्स होतात, डेफ२-टीझेडव्हीपीमध्ये ७३५. हे आकडे हातानेही मोजून पाहा: एसव्हीपीत दर जड अणूला १४ आणि हायड्रोजनला ५, टीझेडव्हीपीत ३१ आणि ६. या सेटच्या आउटपुटमध्ये वेगळा आकडा दिसला तर रचनेत एखादा हायड्रोजन कमी-जास्त झालाय. सुरुवातीची रचना १बीएनए या डीएनए रचनेतूनही घेता येते, पण त्यात हायड्रोजन लावावे लागतील. अव्होगाड्रोत रेखाटणं सोपं. जड अणूंमधली तिन्ही हायड्रोजन बंधांची अंतरं २.८ ते ३.० अँगस्ट्रॉमच्या पट्ट्यात आली की जोडी नीट बसली.

आधी एक्सटीबीने रचना सैल करून घ्या, काही सेकंदांचं काम. मग आर२स्कॅन-३सीने ऑप्टिमायझेशन (ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत रचना बदलणं) आणि लगेच फ्रिक्वेन्सी (कंपनांच्या वारंवारता). सगळ्या वारंवारता धन आल्या तरच ते मिनिमम. −१५ किंवा −३० अशी एखादी लहान ऋण वारंवारता आली तर ती बहुधा मिथिलच्या फिरण्याची किंवा दोन्ही बेसची प्रतलं एकमेकांवर हलण्याची असते. ‘टाइटऑप्ट’ आणि ‘डेफग्रिड३’ लावून पुन्हा करा. तरीही गेली नाही तर त्या कंपनाच्या दिशेने रचना किंचित ढकलून पुन्हा सोडा.

दुसरं टोक, म्हणजे टॉटोमर जोडी, नव्याने रेखाटू नका. ऑप्टिमाइझ झालेल्या पहिल्या फाइलची प्रत घ्या आणि त्यातले फक्त दोन हायड्रोजन पलीकडच्या अणूपासून १.०३ अँगस्ट्रॉमवर सरकवा, मग ऑप्टिमाइझ करा. यामागचं कारण फार महत्त्वाचं आहे. एनईबी पद्धत दोन टोकांमधला मार्ग आखताना पहिल्या फाइलचा बारावा अणू दुसऱ्या फाइलच्या बाराव्या अणूकडे नेते. अणूंचा क्रम बदलला असेल तर तुमचा प्रोटॉन एका बेसच्या आरपार जायला निघतो, ऊर्जा शेकडो किलोकॅलरींवर चढते आणि विद्यार्थ्याला वाटतं अभिक्रियाच अशक्य आहे. दोन्ही फाइली शेजारी उघडून क्रम डोळ्यांनी तपासा.

एनईबी-टीएस (टीएस म्हणजे संक्रमण अवस्था) आठ प्रतिमांनी, म्हणजे वाटेवरच्या आठ मधल्या रचनांनी, चालवा. साधं स्कॅन करून एन१-एच अंतर १.० पासून १.८ पर्यंत ०.१ च्या पावलांनी वाढवलं तरी चालेल आणि त्यातून एक गोष्ट छान दिसते: पहिला प्रोटॉन बराच सरकल्यावर दुसरा एकदम मागोमाग उडी घेतो, दोघे एका तालात चालत नाहीत. पण स्कॅनमधला सर्वांत उंच बिंदू म्हणजे संक्रमण अवस्था नव्हे. तो फक्त अंदाज. तिथून पूर्ण हेसियन (ऊर्जेच्या दुसऱ्या अवकलजांचा तक्ता) काढून टीएस ऑप्टिमायझेशन करा. शेवटी एकच इमॅजिनरी (आउटपुटमध्ये ऋण दिसणारी) फ्रिक्वेन्सी राहायला हवी, तीही कित्येक शे ते दीड हजार सेमी⁻¹ ची. ती अव्होगाड्रोत हलवून पाहा. बाण त्या दोन हायड्रोजनांवर असतील तर ठीक. बाण मिथिलवर असतील तर तुम्हाला सापडलंय ते मिथिलचं फिरणं. मग आयआरसी (शिखरावरून खाली उतरणारी वाट) चालवून दोन्ही बाजूंनी आपल्याच दोन टोकांना पोहोचतो का ते बघा. ही पायरी गाळलेले प्रकल्प परीक्षक पहिल्याच प्रश्नात पकडतात, आणि योग्यच करतात.

ऊर्जा कोणत्या पद्धतीची द्यायची? आर२स्कॅन-३सी रचनांना उत्तम आहे, पण त्यात हार्ट्री-फॉक एक्सचेंज नाही. अशी फंक्शनल्स इलेक्ट्रॉनला स्वतःचंच प्रतिकर्षण थोडं जाणवू देतात, त्यामुळे प्रोटॉन दोन अणूंच्या मध्ये असलेली पसरट अवस्था खोटी स्थिर होते आणि बॅरिअर कमी दिसतो. म्हणून बॅरिअर ओमेगाबी९७एम-व्ही किंवा तत्सम हायब्रिडने, म्हणजे हे एक्सचेंज मिसळलेल्या फंक्शनलने, डेफ२-टीझेडव्हीपीवर काढा, आणि शक्य झालं तर टीएस त्याच पातळीवर पुन्हा शोधा, कारण दोन पृष्ठभागांवर शिखराची जागा थोडी वेगळी असते. तपासणीला डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी), ‘टाइटपीएनओ’सह. मूळ सीसीएसडी(टी) ही डीएफटीपेक्षा अचूक पण महाग पद्धत, तिचा खर्च आकाराच्या सातव्या घाताने वाढतो, रेणू दुप्पट झाला की १२८ पट. डीएलपीएनओमुळे ३५ अणू आवाक्यात येतात, तरी टीझेड सेटचाच जॉब रात्रभर चालू द्या. क्यूझेड (आणखी मोठा सेट) घेऊन बेसिस मर्यादेपर्यंत जायचं असेल तर क्लस्टर (संस्थेतला मोठा सामाईक संगणक) मागा. सहायक ‘/सी’ बेसिस विसरलात तर जॉब लगेच थांबतो, घाबरू नका.

विद्रावकासाठी सीपीसीएम (विद्रावकाला एकसंध माध्यम धरणारं प्रारूप) पुरे: एकदा वायू, एकदा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ म्हणजे डीएनएच्या आतल्या भागाचा ढोबळ अंदाज, एकदा ८०. तीन आकड्यांतला कल हाच निष्कर्ष. प्रत्यक्ष पाण्याचे रेणू जोडण्याचा मोह होईल. एकाच रेणूच्या पाच-सहा जागा निघतात आणि प्रत्येक जागेसाठी हे सगळं पुन्हा करावं लागतं. वेळ उरला तरच.

आता आकड्यांचा अर्थ. समजा टॉटोमर जोडीची मुक्त ऊर्जा नेहमीच्या जोडीपेक्षा ९ किलोकॅलरी वर आली. २९८ केल्व्हिनला तिचं प्रमाण एक कोटीत अडीच. पद्धतीने फक्त एका किलोकॅलरीची चूक केली आणि खरा फरक ८ असला, तर तेच प्रमाण कोटीत चौदा. म्हणून ‘उत्परिवर्तनाचा दर काढला’ असं वाक्य अहवालात लिहू नका. पट्टा लिहा. परतीचा मुक्त ऊर्जा बॅरिअर ३ आला तर आयरिंगच्या (बॅरिअरवरून वेग काढणाऱ्या) सूत्राने टॉटोमरचं आयुष्य सुमारे २५ पिकोसेकंद, आणि ई. कोलाय जिवाणूमध्ये प्रतिकृतीचा काटा (डीएनएच्या जोड्या उघडत जाणारी जागा) सेकंदाला हजारेक जोड्या पुढे सरकतो, म्हणजे एका जोडीला एक मिलिसेकंद. दोन काळांत चार कोटींचं अंतर आहे. जोडी उघडेपर्यंत टॉटोमर कितीदा तरी बनून मोडलेला असेल, तेव्हा महत्त्व उरतं ते समतोलातल्या प्रमाणाला आणि जोडी उलगडतानाच काय होतं त्याला. एवढ्या अंतराचा निष्कर्ष मात्र तुमच्या पद्धतीची दोन किलोकॅलरींची चूक सहज पचवतो. तो ठामपणे लिहा.

टनेलिंगसाठी विग्नरची दुरुस्ती हाताने करा. इमॅजिनरी फ्रिक्वेन्सी १२०० धरली, २९८ केल्व्हिनला औष्णिक ऊर्जा २०७ सेमी⁻¹. भागाकार ५.८, त्याचा वर्ग साधारण ३३.६, भागिले २४, अधिक १: दुरुस्ती २.४ पट. ड्युटेरियमला वारंवारता ८५० च्या आसपास उतरते आणि दुरुस्ती १.७ होते. यासाठी नवा जॉब लागत नाही, हेसियन तोच राहतो, फक्त त्या दोन अणूंचं वस्तुमान १.००८ ऐवजी २.०१४ करून कंपनं पुन्हा काढायची. अर्ध्या तासात अहवालाला एक खरा निकाल मिळतो. दुरुस्ती दोनच्या पुढे गेली की विग्नर हा ढोबळ अंदाजच राहतो, हे वाक्य मात्र तिथेच लिहा.

एकाच जोडीवर समाधान नसेल तर पुढची पायरी रचलेल्या दोन जोड्यांची. रेणू एवढे मोठे झाले की पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने विकसित केलेली मॉलिक्युलर टेलरिंग पद्धत जरूर वाचा: मोठ्या रेणूचे एकमेकांवर चढणारे तुकडे करायचे, त्यांची ऊर्जा काढायची आणि सामाईक भाग वजा करत पूर्ण ऊर्जा शिवायची. कल्पना पदवीच्या गणितात बसते आणि काम मराठी मुलखात झालेलं आहे, माणसं भेटू शकतात.

प्रत्येक जॉबच्या फोल्डरला तारीख, रेणू, पद्धत, काम असं नाव द्या. इनपुट, आउटपुट आणि शेवटच्या निर्देशांकांची फाइल जपा, बाकी तात्पुरत्या फाइली पुसा. आउटपुट उघडल्यावर तळाशी ऑर्का नीट संपल्याची ओळ आहे का ते आधी पाहा, नंतर ऑप्टिमायझेशन कन्व्हर्ज झाल्याची, मगच ऊर्जा. शेवटची ऊर्जा कॉपी करून तक्त्यात टाकली आणि नंतर कळलं की ऑप्टिमायझेशन फेऱ्यांच्या मर्यादेवर थांबलं होतं, ही चूक सगळ्यांत जास्त वेळा होते. अहवालात ऑर्काची आवृत्ती, ग्रिड, सगळे कीवर्ड आणि प्रत्येक स्थिर बिंदूचे निर्देशांक द्या. दुसऱ्याने ते घेऊन जॉब चालवला तर सहाव्या दशांशापर्यंत तोच आकडा यायला हवा.

क्लस्टरची गरज डीएलपीएनओच्या टप्प्यावर, साधारण दहाव्या आठवड्यात लागेल, म्हणून विचारणा चौथ्या आठवड्यातच करा. पुण्यात आयसर आणि एनसीएल आहेत, मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिपही पदवीच्या विद्यार्थ्यांना खुली असते. ईमेल चार ओळींचा असावा: कोणता रेणू, कोणती पद्धत, किती कोअर-तास, आणि लॅपटॉपवर आतापर्यंत काय झालं. ‘मला क्वांटम केमिस्ट्रीची आवड आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर मिळणं कठीण. त्याऐवजी वॉटर डायमर आणि ए-टीच्या दोन रचनांचा तुमचा तक्ता, प्रमाण मूल्यांशेजारी तुमची मूल्यं आणि तिसऱ्या रकान्यात फरक, असा जोडा.